खूण दारावर आहे, मग दिसत का नाही? जावातल्या अ‍ॅनोटेशनची शोधाशोध

"लावलंय सर मी. हे बघा ना, इथेच तर आहे."

टीममधली नवी मुलगी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवत होती. कोड जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला. क्लासच्या, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र घटकाच्या, नावाच्या बरोबर वरच्या ओळीत अ‍ॅनोटेशन होतं, म्हणजे @ ने सुरू होणारी खूण. स्पेलिंग बरोबर, इम्पोर्ट बरोबर. आणि शेजारच्या खिडकीत आमचा प्रोग्रॅम शांतपणे सांगत होता, 'फॉल्स'. म्हणजे असं काही लावलेलंच नाही. साडेआठ वाजून गेले होते, पवईच्या त्या ऑफिसातला एसी बंद झाला होता, आणि खाली कांजूरमार्गच्या शेअर रिक्षांसाठी लागलेली रांग काही कमी होत नव्हती.

आमच्या त्या अ‍ॅनोटेशनचं खरं नाव इंग्रजीत होतं. इथे मी त्याला @नोंद म्हणतो. (जावात हे नाव खरोखर चालतं, बरं का. जावाची नावं युनिकोडमधल्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांची असू शकतात, काना-मात्रा-अनुस्वारासकट. कुणी वापरत नाही, ते वेगळं.) ज्या क्लासवर @नोंद आहे, त्यातून ग्राहकाची माहिती कुणी पाहिली, कधी पाहिली, हे लिहून ठेवायचं, एवढीच अपेक्षा. तिच्या क्लासला आपण हप्तासेवा म्हणू.

आता थोडं लालबागला जाऊ. माझं लहानपण तिथल्या चाळीत गेलं. पल्स पोलिओच्या रविवारनंतर दोन-तीन दिवस बायका घरोघर फिरायच्या. पोरांच्या डाव्या करंगळीवरची शाई बघायच्या, आणि जाताना दाराच्या चौकटीवर खडूने खूण करून जायच्या. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी 'पी', एखादं राहिलं असेल तर 'एक्स'. पोलिओपासून वाचवायचे ते दोन थेंब. खडूची खूण होती मागून येणाऱ्या माणसासाठी. तो आला, त्याने गॅलरीतून चालताना चौकटीकडे पाहिलं, त्याला 'एक्स'चा अर्थ माहीत असला, तर तो दार वाजवणार. तो आलाच नाही, तर तो 'एक्स' गणपतीपर्यंत तसाच राहणार आणि रंगकामात पुसला जाणार.

अ‍ॅनोटेशन म्हणजे ती खडूची खूण. नवशिक्यांचा पहिला गैरसमज इथेच होतो. @ट्रान्झॅक्शनल लिहिलं की ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले सगळे बदल एकत्र व्हावेत, नाहीतर एकही होऊ नये, अशी सोय) सुरू होतं, असं वाटतं. लिहिल्याने काहीच होत नाही. स्प्रिंगसारखं फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅपचा तयार सांगाडा, येऊन ती खूण वाचतं आणि पुढचं काम करतं. तुम्ही स्वतःचं अ‍ॅनोटेशन बनवता तेव्हा ते वाचायला कुणीच येणार नसतं. वाचणारा तुम्हालाच नेमावा लागतो, नाहीतर आधीच फिरत असलेल्या एखाद्या वाचणाऱ्याला तुमची खूण शिकवावी लागते.

ही सोय जावात 2004 साली आली, पाचव्या आवृत्तीत. त्याआधी हीच माहिती एक्सएमएलच्या लांबलचक फायलींत लिहायची पद्धत होती. कोड एका जागी, त्याच्याबद्दलची माहिती दुसरीकडे. क्लासचं नाव बदललं की एक्सएमएल बोंबलायचं. दुसरी पद्धत नावांची. जेयुनिट या टेस्ट चालवणाऱ्या हत्याराच्या जुन्या आवृत्त्यांत टेस्टच्या मेथडचं (क्लासमधल्या एका कामाच्या तुकड्याचं) नाव 'टेस्ट' या शब्दानेच सुरू व्हावं लागे. घाईत दोन अक्षरं इकडची तिकडे झाली, की ती टेस्ट चालायचीच नाही, आणि न चाललेली टेस्ट कधी नापास होत नसल्याने कुणाला कळायचंही नाही. जेयुनिट 4 मध्ये त्या जागी @टेस्ट आलं. न दिसलेल्या खुणेची तक्रार कुणीच करत नाही, हा दुर्गुण मात्र अ‍ॅनोटेशनमध्येही तसाच उतरला. त्या रात्रीचं आमचं दुखणंही तेच.

माझा पहिला संशय रिटेन्शनवर गेला, म्हणजे खूण कुठपर्यंत टिकते त्यावर. निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो.

नवं लाकडी दार बनवताना सुतार पेन्सिलीने खुणा करतो, बिजागरी इथे, कडी तिथे. पॉलिश झालं की त्या गायब. त्या सुतारासाठीच होत्या, काम झालं. जावात या प्रकाराला सोर्स रिटेन्शन म्हणतात. @ओव्हरराइड या जातीचं. कंपायलर, म्हणजे कोडची क्लास फाईल बनवणारा प्रोग्रॅम, ते वाचतो, वरच्या क्लासमध्ये अशी मेथड खरंच आहे का ते तपासतो, आणि सोडून देतो. तयार झालेल्या क्लास फायलीत त्याचा मागमूस नसतो. दुसरा प्रकार क्लास रिटेन्शन. खूण दारावर राहते, पण आतल्या बाजूला. फाईल उघडून बघणाऱ्या हत्यारांना ती सापडेल, गॅलरीतून जाणाऱ्याला नाही. चालू प्रोग्रॅमने रिफ्लेक्शनने, म्हणजे स्वतःच्याच क्लासची चौकशी करायच्या सोयीने, विचारलं तर उत्तर 'नाही'. तिसरा रनटाइम. ऑइलपेंटने दर्शनी बाजूला लिहिलेलं, चालू प्रोग्रॅमलाही दिसणारं.

मेख अशी की तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर जावा मधला प्रकार धरतो. म्हणजे स्वतःचं अ‍ॅनोटेशन लिहिताना रिटेन्शनची ओळ विसरलात, तर कोड कंपाइल होतो, एडिटरमध्ये खूण छान रंगीत दिसते, कुठेही लाल रेघ नाही, आणि चालू प्रोग्रॅमला ती कधीच दिसत नाही. माझ्या मते ही मूळ निवड चुकली आहे. बहुतेक लोकांना रनटाइमच हवं असतं. कोटलिनवाल्यांनी तेच मूळ धरलं आणि बरं केलं.

हे अंदाजाने ठरवायची गरज नसते. जेडीकेसोबत (जावात कोड लिहायच्या हत्यारांच्या संचासोबत) जावापी नावाचं छोटं हत्यार येतं. त्याला क्लास फाईल दिली आणि सविस्तर सांग म्हटलं, की ते फाईल सोलून दाखवतं. प्रत्येक क्लास फाईलचे पहिले चार बाइट हेक्समध्ये 'कॅफेबेब' असे वाचता येतात. कुणीतरी गमतीत ठरवलेली गोष्ट जगभरच्या सर्व्हरांवर अजून चालू आहे. ते असो. फायलीच्या शेवटाकडे 'रनटाइम व्हिजिबल अ‍ॅनोटेशन्स' असा कप्पा दिसला आणि त्यात आपलं नाव असलं, तर रिटेन्शन निर्दोष. 'इनव्हिजिबल' कप्प्यात नाव सापडलं, तर चोर पकडला.

आम्ही पाहिलं. नाव 'व्हिजिबल'मध्ये होतं. म्हणजे खूण पक्क्या रंगातली होती.

मग मी तिला विचारलं, "हा क्लास शोधतोय कोण?"

"स्प्रिंग शोधतं ना सर."

"कसं?"

ती गप्प. तिचा दोष नाही, दहा वर्षं काम केलेली माणसंही इथे गप्प होतात. बहुतेकांना वाटतं, जावात कुठेतरी एक हुकूम असेल, 'ही खूण असलेले सगळे क्लास दे'. असा हुकूम जावात नाही. असणं शक्यही नाही, कारण कुठले क्लास आहेत हे जेव्हीएमला, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला, आधी माहीतच नसतं. क्लासची पहिल्यांदा गरज पडते तेव्हा तो लोड होतो. न लोड झालेला क्लास जेव्हीएमच्या लेखी जन्मलेलाच नसतो. तुम्ही एखाद्या क्लासकडे बोट दाखवून 'याच्यावर ही खूण आहे का' असं विचारू शकता. ते काम 'इजअ‍ॅनोटेशनप्रेझेंट' आणि 'गेटअ‍ॅनोटेशन' करतात. पण चाळीत अशी किती दारं आहेत हे विचारायला यादी ठेवणारा सेक्रेटरी नाही. जिना चढून दार-दार फिरावं लागतं.

फिरायचं कसं, यातही दोन पद्धती. एक म्हणजे प्रत्येक क्लास लोड करायचा आणि विचारायचं. हे महाग पडतं. एका मध्यम आकाराच्या अ‍ॅपमध्ये लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) धरून हजारो क्लास असतात. त्यातले कित्येक लोड करायला गेलं की त्यांना हवी असलेली दुसरी लायब्ररी जागेवर नसते, आणि अ‍ॅप तोंडावर आपटतं. घरात कोण राहतं हे बघायला प्रत्येक दार वाजवून आत शिरण्यासारखं आहे ते. स्प्रिंग दुसरी पद्धत वापरतं. ते क्लास फाईल नुसती फाईल म्हणून उघडतं, एएसएम नावाच्या लायब्ररीने तिचे बाइट वाचतं, खुणांचा कप्पा बघतं आणि मिटवतं. क्लास लोड होत नाही. दार वाजत नाही, चौकट तेवढी बघून होते. स्प्रिंगमध्ये ही फेरी 2007 च्या 2.5 आवृत्तीपासून रुळली.

फेरी मारणाऱ्याला कुठल्या इमारती बघायच्या, हे सांगावं लागतं. स्प्रिंग बूटमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या झटपट सुरू होणाऱ्या रूपात, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर ज्या पॅकेजमध्ये (क्लासच्या गटात) मुख्य क्लास आहे ते आणि त्याच्या पोटातली पॅकेजेस, एवढीच हद्द. शेजारच्या पॅकेजमधला क्लास कितीही खुणा मिरवत असला तरी त्याच्या गॅलरीत कुणी येत नाही. कॉमन मॉड्यूल म्हणून काढलेला कोड हमखास इथे अडकतो.

दुसरं म्हणजे, फेरी मारणारा ठरावीक खूणच ओळखतो. स्प्रिंगची मूळ खूण एकच, @कंपोनंट. मग @सर्व्हिस, @रिपॉझिटरी कसे चालतात? त्या अ‍ॅनोटेशनच्या स्वतःच्या डोक्यावर @कंपोनंट लावलेलं आहे म्हणून. खुणेवरची खूण, मेटा-अ‍ॅनोटेशन. तुम्ही तुमच्या @नोंदच्या व्याख्येवर @कंपोनंट लावलंत, तर @नोंद लावलेला क्लास आपोआप बीन (क्लासवरून बनवून स्प्रिंगने सांभाळलेलं ऑब्जेक्ट) होतो, वेगळं @सर्व्हिस लिहायला नको. पण सांभाळा, हे ओळखणारं डोकं स्प्रिंगचं आहे. साध्या जावाच्या 'गेटअ‍ॅनोटेशन'ला खुणेच्या खुणेत डोकावायची सवय नाही. @सर्व्हिस लावलेल्या क्लासला साध्या रिफ्लेक्शनने 'तुझ्यावर @कंपोनंट आहे का' असं विचारलंत, तर तो सरळ नाही म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसेल. पायऱ्या चढून बघायच्या असतील तर स्प्रिंगचं 'अ‍ॅनोटेटेडएलिमेंटयुटिल्स' किंवा 5.2 पासून आलेलं 'मर्ज्डअ‍ॅनोटेशन्स' वापरायचं.

@नोंदला बीनगिरीशी काही देणंघेणं नसेल, नुसते क्लास हुडकायचे असतील, तर स्प्रिंगचाच फेरीवाला भाड्याने घेता येतो. त्याचं नाव आगगाडीएवढं लांब, 'क्लासपाथस्कॅनिंगकँडिडेटकंपोनंटप्रोव्हायडर'. त्याला नेहमीच्या खुणा विसरायला सांगायच्या, आपली खूण फिल्टर म्हणून शिकवायची आणि पॅकेजचं नाव द्यायचं. तीन ओळींचं काम. मात्र तो मुळात बीन होऊ शकणारे क्लास शोधतो, त्यामुळे इंटरफेसवरची (कुठल्या मेथड हव्यात एवढंच सांगणाऱ्या करारावरची) खूण त्याला सापडली तरी तो ती सोडून पुढे जातो. इंटरफेसही हवे असतील तर त्याची निवडीची मेथड ओव्हरराइड करावी लागते. माझा एक अख्खा शुक्रवार यात गेलेला आहे.

काही जण हा फेरीवाला हाताने लिहितात. फोल्डर उघडायचा, डॉट-क्लासने संपणाऱ्या फायली गोळा करायच्या. आपल्या लॅपटॉपवर ते मस्त चालतं, कारण तिथे खरोखर फोल्डर असतो. सर्व्हरवर तोच कोड जारच्या, म्हणजे क्लास फायलींच्या बांधलेल्या गठ्ठ्याच्या, आत असतो, आणि स्प्रिंग बूटच्या बाबतीत लायब्रऱ्या म्हणजे जारच्या आतले जार. तिथे फोल्डरच नाही, मग शून्य क्लास सापडतात. चूक नाही, तक्रार नाही, शून्य. हे स्वतः लिहू नका. स्प्रिंग नसेल तर क्लासग्राफ ही लायब्ररी हे काम नीट करते.

आमच्या प्रकरणात क्लास योग्य पॅकेजात होता, बीनही झालेला होता. तेव्हा हाही मार्ग बंद.

एव्हाना एक सहकारी डबा आवरून आला आणि म्हणाला, "इनहेरिटेड टाक ना." हा सल्ला ऑफिसात पॅरासिटामॉलसारखा वाटला जातो. त्यामागचा हिशेब असा. वडिलांच्या दारावर 'पी' आहे म्हणून विरारला राहायला गेलेल्या मुलाच्या दारावर 'पी' येत नाही. जावातही वरच्या क्लासवरचं अ‍ॅनोटेशन खालच्या क्लासला मिळत नाही. अ‍ॅनोटेशनच्या व्याख्येवर @इनहेरिटेड लिहिलं असेल तरच मिळतं, आणि तेही फक्त क्लासकडून क्लासला. इंटरफेसवर लावलेली खूण तो इंटरफेस पाळणाऱ्या क्लासकडे कधीच येत नाही, @इनहेरिटेड असो वा नसो. मेथडवरच्या खुणांनाही ते लागू नाही. लोक हौसेने इंटरफेसवर अ‍ॅनोटेशन लावतात, अंमलबजावणीच्या क्लासला विचारतात आणि डोकं धरून बसतात.

हप्तासेवा कुठल्याही क्लासची पोर नव्हती. तरीही मी @इनहेरिटेड टाकून बघितलं, आणि उत्तर 'ट्रू' आलं!

सहकारी विजयी मुद्रेने खाली गेला. मला मात्र झोप लागली नसती. जिला आईबापच नाहीत, तिला वारसा मिळाला कुठून?

उत्तर आई-बाबांच्या नव्या घराच्या दारात आहे. चाळ पाडून टॉवर झाला, त्यांना बाविसाव्या मजल्यावर जागा मिळाली, आणि ताबा मिळाल्यावर आईने पहिलं काम काय केलं, तर सेफ्टी डोअर बसवून घेतलं. आता बेल वाजली की आधी जाळीचं दार. कुरिअरवाला, दूधवाला, वॉचमन, सगळ्यांचा व्यवहार त्या दाराशी. आतलं मूळ लाकडी दार तिथेच आहे, पण पॅसेजमधून जाणाऱ्याला दिसतं ते बाहेरचं.

स्प्रिंग अगदी हेच करतं. क्लासवर @ट्रान्झॅक्शनल असलं, की तुमच्या ऑब्जेक्टच्या पुढे ते दुसरं ऑब्जेक्ट उभं करतं. त्याला प्रॉक्सी म्हणतात. कुणी मेथड बोलावली की ती आधी प्रॉक्सीकडे येते. प्रॉक्सी ट्रान्झॅक्शन उघडतं, मग आतल्या खऱ्या ऑब्जेक्टला काम सांगतं, नीट झालं तर कमिट (बदल पक्के), फसलं तर रोलबॅक (बदल रद्द). बाकीच्या अ‍ॅपच्या हातात कायम प्रॉक्सीच असतं. आणि हे प्रॉक्सी ज्या क्लासचं असतं, तो तुम्ही लिहिलेला नसतो. तो प्रोग्रॅम चालू असताना बनवलेला असतो. तुमच्या क्लासचा पोटक्लास म्हणून बनवला, तर त्याला सीजीलिब पद्धत म्हणतात, आणि त्याचं नाव 'हप्तासेवा$$स्प्रिंगसीजीलिब$$0' असं काहीतरी विचित्र असतं. स्प्रिंग बूटमध्ये 2.0 पासून हीच मूळ पद्धत.

आमचा कोड काय करत होता? अ‍ॅप सुरू झालं की सगळ्या बीन्सवरून फिरायचं, प्रत्येकाला 'तुझा क्लास कुठला' असं विचारायचं, आणि मिळालेल्या क्लासवर @नोंद आहे का ते बघायचं. प्रॉक्सीने अर्थातच आपला, म्हणजे सेफ्टी डोअरचा क्लास सांगितला. त्या कोऱ्या जाळीवर कुणी खूण केलेली नव्हती. म्हणून 'फॉल्स'. @इनहेरिटेड टाकल्यावर 'ट्रू' आलं, कारण सेफ्टी डोअर हे मूळ दाराचं पोर होतं आणि खूण त्याच्याकडे वारशाने आली.

म्हणजे सहकाऱ्याची गोळी लागू पडली होती, पण ती योगायोगाने. प्रॉक्सी बनवायची दुसरीही पद्धत आहे, जावाची स्वतःची. त्यात प्रॉक्सी तुमच्या क्लासचं पोर नसतं, फक्त तुमचेच इंटरफेस पाळणारं परकं ऑब्जेक्ट असतं. रक्ताचं नातंच नाही, तर वारसा कसला. उद्या कुणी सेटिंग बदललं, की @इनहेरिटेड असूनही पुन्हा 'फॉल्स'. शिवाय @इनहेरिटेडमुळे आता हप्तासेवेच्या खऱ्या पोरांनाही खूण लागणार होती, जी कुणी मागितली नव्हती. मी ती ओळ काढून टाकली.

नीट उपाय म्हणजे सेफ्टी डोअर उघडून आतल्या दाराकडे बघणं. स्प्रिंगमध्ये 'एओपीयुटिल्स'ची 'गेटटार्गेटक्लास' ही मेथड आहे. तिला बीन दिलं की ती दोन्ही प्रकारच्या प्रॉक्सीच्या आतला मूळ क्लास सांगते. मग त्या क्लासवर 'फाइंडमर्ज्डअ‍ॅनोटेशन'ने खूण शोधायची. ती वरचे क्लास, इंटरफेस आणि खुणांवरच्या खुणा सगळं चढून बघते. त्याहून सोपं, स्प्रिंगच्या कंटेनरलाच, म्हणजे बीन्स सांभाळणाऱ्या भागालाच, विचारायचं, 'ही खूण असलेली बीन्स दे'. कंटेनरकडे प्रत्येक बीनची मूळ नोंदणी असते. दर्शनी क्लासवर खूण नसेल तर तो त्या नोंदणीतला क्लास बघतो, त्यामुळे सेफ्टी डोअरने तो फसत नाही. आणि बीन जन्मताना हात घालायचा असेल, तर 'बीनपोस्टप्रोसेसर'चा आधीचा टप्पा पकडायचा, नंतरचा नाही. नेहमीची प्रॉक्सी नंतरच्या टप्प्यात चढतात. आधीच्या टप्प्यात सेफ्टी डोअर अजून बसलेलं नसतं.

आता त्या रात्रीचा खरा धक्का. "बाकीच्या क्लासना हे चालतंय ना?" असं मी सहज विचारलं, आणि तिने संपूर्ण कोडमध्ये @नोंद शोधलं. तेरा जागा निघाल्या. त्यातली एक जागा म्हणजे दुसऱ्याच एका जुन्या अ‍ॅनोटेशनच्या व्याख्येवर लावलेलं @नोंद होतं, "हा काही क्लास नाही" म्हणून आम्ही ती सोडली. उरले बारा क्लास. प्रोग्रॅम मोजत होता नऊ. तिचा एक सोडला तरी दोन जुने क्लास गायब होते, आणि त्या दोघांवर मधल्या काळात कुणीतरी, अगदी योग्य कारणासाठी, @ट्रान्झॅक्शनल लावलेलं होतं. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट सांगत होतं, एकावर सहा आठवड्यांपूर्वी. सहा आठवडे त्या क्लासमधून ग्राहकांची माहिती कोण पाहत होतं, याची एकही ओळ कुठे लिहिली गेली नव्हती.

टेस्ट होत्या, सगळ्या हिरव्या. पण प्रत्येक टेस्ट क्लासचं ऑब्जेक्ट साध्या 'न्यू'ने बनवत होती. तिथे स्प्रिंग नाही, प्रॉक्सी नाही, सेफ्टी डोअर नाही. सुताराच्या दुकानात उभ्या असलेल्या दारावरची खूण सगळ्यांना दिसतेच.

दोन कारणं आमच्या वाट्याला आली नाहीत, पण ती येतात, म्हणून सांगून ठेवतो. पहिलं, अ‍ॅनोटेशनची व्याख्या असलेला जारच सर्व्हरवर नसणं. एरवी क्लास सापडला नाही की जावा आकांडतांडव करते. अ‍ॅनोटेशनच्या बाबतीत मात्र ती खूण गुपचूप गाळून पुढे जाते, आणि तुम्हाला वाटतं ती लावलीच नव्हती. दुसरं, एकच अ‍ॅनोटेशन दोन क्लासलोडरांनी (क्लास लोड करणाऱ्या भागांनी) वेगवेगळं लोड करणं. जुन्या धाटणीच्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर हे होतं. नाव तेच, फाईल तीच, पण जावाच्या दृष्टीने ते दोन वेगळे इसम. एकाची खूण दुसऱ्याच्या नावाने विचारलीत तर उत्तर नाही.

रनटाइमला हे सगळं शोधायचंच कशाला, असंही काही फ्रेमवर्कवाल्यांना वाटतं. क्वार्कस हे काम कोड बांधतानाच उरकतं. जँडेक्स नावाचं हत्यार सगळ्या क्लास फायली वाचून खुणांची सूची बनवतं, आणि अ‍ॅप सुरू होताना फेरी मारावी लागत नाही. चाळीला शेवटी एक सेक्रेटरी मिळाला म्हणायचं. मला हा विचार पटतो, पण आमचं अ‍ॅप स्प्रिंगवर होतं आणि ते एका रात्रीत बदलणार नव्हतं.

आम्ही बदल केला तो चार ओळींचा. बीनला क्लास विचारणं काढलं, 'गेटटार्गेटक्लास' आणि 'फाइंडमर्ज्डअ‍ॅनोटेशन' आणलं. त्याखाली मी एक फालतू वाटणारी ओळ घातली. अ‍ॅप सुरू होताना लॉगमध्ये 'नोंद असलेले क्लास' आणि पुढे आकडा. आणि खरं स्प्रिंग उभं करून चालणारी एक टेस्ट, जी हा आकडा बारा आहे का ते बघते.

पावणेदहाला आम्ही अ‍ॅप पुन्हा चालू केलं. रिक्षांची रांग संपली होती. लॉग सरसर वर गेला, ती ओळ आली, आणि तिच्यापुढे आकडा होता तेरा.

टेस्टही लाल झाली.

"सर, एक जास्त आहे," ती म्हणाली. मी खुर्ची परत ओढली. तिने त्या तेरांची नावं छापून घेतली, एकेक करत आमच्या बारांशी ताडून पाहिली आणि शेवटच्या नावावर थांबली. तो क्लास उघडला. त्याच्यावर @नोंद कुठेच नव्हतं. होतं ते आम्ही सोडून दिलेलं, ते दुसरं जुनं अ‍ॅनोटेशन.